ट्रकच्या ट्यूबची होडी : हलकी, स्वस्त, पण जपून!

पहाटेची वेळ. धरणाच्या पाण्यावर धुके पसरलेले असते. त्या धुक्यातून एक माणूस हळूहळू काठाकडे सरकत येतो. त्याच्याखाली होडी नसते; असते ती ट्रकच्या टायरमधली काळी, फुगवलेली ट्यूब. हातांनी पाणी मागे सारत तो जाळे उचलतो, रोहू-कटला पिशवीत टाकतो. महाराष्ट्रातल्या अनेक जलाशयांवर हे दृश्य दिसते. जिथे लाकडी होडी परवडत नाही, तिथे ट्यूबवर संसार तरतो.

कल्पना तशी जुनीच. हिमाचलात सतलज आणि बियास ओलांडायला लोक पूर्वी म्हशीच्या फुगवलेल्या कातड्याचा आधार घेत. अमेरिकेतल्या हौशी मासेमारांनी ट्यूबला मधोमध बैठक शिवली, पायांत रबरी पंजे चढवले आणि तिचे नाव ठेवले ‘बेली बोट’. पायांनी पाणी मारत उलटे सरकायचे. दोन्ही हात गळासाठी मोकळे!

भार किती पेलते?

हिशेब सोपा आहे. जितके लिटर पाणी बाजूला सारले जाते, तितके किलो वजन तरते. सुमारे एक मीटर रुंदीची आणि 28 सेंटिमीटर जाडीची ट्यूब घेतली, तर तिच्यात जवळजवळ 140 लिटर हवा मावते. एका माणसाला हे पुरून उरते. पण ही सारी हवा एकाच कप्प्यात असते, आणि खरा धोका तिथेच आहे. धरणात बुडालेल्या बाभळीचा एक काटा किंवा स्वतःचाच गळ पुरेसा होतो.

कशी बनवाल?

पंक्चरवाल्याकडून ट्रकची मजबूत ट्यूब घ्या. ट्यूबलेस टायर वाढले असले, तरी ती अजून मिळते. हवा भरून, साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहा आणि रात्रभर तशीच ठेवा. तंबू किंवा बॅगा शिवणाऱ्याकडून जाड नायलॉनचे आवरण शिवून घ्या. बैठकीसाठी नायलॉनची रुंद नवार आडवी-उभी घाला. सुती नवार पाण्यात कुजते. व्हॉल्व्हच्या पितळी तोंडाला कापड गुंडाळा, नाहीतर ते मांडीला लागते.

आता सर्वांत महत्त्वाचे. पाठीमागे मोटारीची एक लहान ट्यूब वेगळ्या कप्प्यात बसवा. एरवी ती टेकायला कामी येते. मोठी ट्यूब बसली, तर काठापर्यंत पोहोचायला तीच आधार देते, कारण पाण्यात शरीराचे वजन फारसे जाणवत नाही. सगळे सामान सायकलच्या कॅरियरवर सहज मावते.

हे विसरू नका

लाइफ जॅकेट अंगात हवेच. पोहता येत असले तरीही. स्वतःला ट्यूबला कधीही बांधून घेऊ नका. ट्यूब उलटली, तर पाय अडकून डोके पाण्याखाली राहू शकते. म्हणून आधी कमरेइतक्या पाण्यात, सोबतीला माणूस ठेवून, बाहेर पडण्याचा सराव करा. उन्हात हवा प्रसरण पावते. त्यामुळे काठावर टम्म फुगवलेली ट्यूब तापत ठेवू नका. वारा सुटला की काठ गाठा, कारण वाऱ्यापुढे पायांचा जोर चालत नाही. दरवाजे व सांडव्याजवळ, वाहत्या नदीत, तसेच पवईसारख्या मगरी असलेल्या तलावात ही ट्यूब उतरवूच नये. अनेक जलाशयांत मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे असतो. त्यांची परवानगी आधी घ्या.

आणि निघताना घरी सांगून निघा : कुठल्या काठावर जातो आहे, किती वाजता परतणार. मासा आज सुटला, तर उद्या गळाला लागेल. घरच्यांना मात्र वाट पाहायची असते ती माशाची नव्हे, तुमची.