बाळ कशाने गेलं?

हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत किती बाळं दगावली, एवढाच बालमृत्युदराचा हिशेब. तो चुकतो अगदी पहिल्या पायरीवर. घरी जन्मलेलं बाळ दोन-चार श्वास घेऊन गेलं की ‘मेलेलंच जन्मलं’ म्हणून विषय मिटतो. ना जन्माची नोंद, ना मृत्यूची. गावाचा आकडा मात्र सुधारतो!

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९८०च्या दशकात ही मोजणीच मनावर घेतली. जिथे मृत्यूच्या वेळी डॉक्टर नसतो, तिथे कारण घरच्यांनाच विचारावं लागतं. दूध ओढत होतं का? अंग गार पडलं होतं? श्वास घेताना छाती आत जायची? अशा उत्तरांतून न्यूमोनिया ठळकपणे पुढे आला. मग गावच्या सुईणींसाठी एक साधन बनलं: मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. निरक्षर बाईला निदान जमतं ते असं.

पुढे ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं शिकवलं. तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा इथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. ‘लॅन्सेट’ने हे १९९९मध्ये छापलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्या योजनेमागे हा अनुभव आहे.

आपल्याकडे बातमी मात्र ‘कुपोषणाचे बळी’ अशीच होते. २०२०मध्ये देशाचा बालमृत्युदर २८ होता. त्यातले २० मृत्यू पहिल्या २८ दिवसांतले. एवढ्याशा बाळाला अंगणवाडीचा आहार काय कामाचा? ते जातं अपुऱ्या दिवसांनी, कमी वजनाने, जन्मताच गुदमरून, जंतुसंसर्गाने; बऱ्याचदा यातली दोन-तीन कारणं एकत्र येतात. कुपोषण यात असतंच, पण बरंचसं आईचं. कागदावर एकच कारण लिहिलं की तीच नेमकी सुटते.

म्हणून एवढं करा: बाळ तासाभराचं होऊन गेलं तरी त्याचा जन्म आणि मृत्यू, दोन्ही २१ दिवसांच्या आत नोंदवा.