स्वयंपाकघराच्या दारातून

‘द सेकंड मदर’ हा २०१५ चा ब्राझिली चित्रपट पहिल्यांदा मी सगळे बघतात तसाच पाहिला. उपशीर्षकं वाचत, हसत. नंतर आवाज आणि उपशीर्षकं दोन्ही बंद केली आणि वही घेऊन बसले. टिपायचं एकच ठरवलं होतं: कोण कुठल्या दारातून ये-जा करतं आणि त्या वेळी त्याच्या हातात काय असतं.

साओ पावलोतलं सुखवस्तू घर. दूरच्या पेर्नाम्बुकोहून पोटासाठी आलेली वाल तिथेच राहून काम करते. स्वतःच्या मुलीला, जेसिकाला, गावाकडे दुसऱ्याच्या हाती सोपवून ती मालकांच्या फाबिन्योला वाढवते. माझ्या वहीत वालच्या नावापुढे तबक, ताटं, पेले असं काहीबाही येत राहिलं. मालकीणबाईंच्या, म्हणजे बार्बराच्या, नावापुढचा रकाना बराचसा कोराच राहिला.

त्याहून बोलकी कॅमेऱ्याची जागा. जेवणाच्या टेबलाकडे तो अनेकदा स्वयंपाकघरातूनच बघतो. दाराच्या चौकटीत टेबलाचा तुकडा तेवढा दिसतो, बाकीचं घर भिंतीआड. वाल ताटं उचलायला बाहेर जाते, तेव्हा कॅमेरा आतच थांबतो. पार्टीत ती खाण्याचं तबक फिरवते तेव्हा पाहुण्यांचे हात पुढे येतात, नजर मात्र तिच्याकडे वळत नाही. दिग्दर्शिका अॅना मुइलार्ट यांनी विषमतेवर भाषण लिहिलेलं नाही; त्यांनी आपल्याला ओट्यापाशी उभं केलंय.

चित्रपटाचा उपरोध घरातल्या सौजन्यात आहे. वाल वाढदिवसाला कॉफीचा संच भेट देते. बार्बरा तोंडभर कौतुक करते आणि खास प्रसंगासाठी जपून ठेवायला सांगते. तो प्रसंग आला असं समजून वाल संच काढते, तर तो पुन्हा आत जातो. कुणाचाही आवाज चढत नाही.

मग जेसिका येते, वास्तुकला शिकण्यासाठी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा द्यायला. वालच्या कोंदट खोलीत झोपण्याऐवजी ती पाहुण्यांची खोली मागते. फाबिन्योचं आइस्क्रीम खाते. पोरांच्या मस्तीत पोहण्याच्या तलावात पडते. बार्बरा तिला काही बोलत नाही. तलावात उंदीर दिसला म्हणते आणि पाणी उपसायला लावते. पुढे वालला बजावते, मुलीला स्वयंपाकघराच्या दारापलीकडे येऊ देऊ नकोस. ते दार तोवर माझ्या वहीत पानोपानी आलेलं होतं.

या गोष्टीला काळाचा संदर्भही आहे. ब्राझीलमध्ये घरकामगारांना दिवसाला ८ आणि आठवड्याला ४४ तासांची मर्यादा मिळाली ती २०१३ मधल्या घटनादुरुस्तीने. चित्रपट त्यानंतर दोनच वर्षांनी आला. पण वालचं काम तासांत मोजायचं तरी कसं? रात्री झोप न आलेला फाबिन्यो तिच्या कुशीत शिरतो, तेव्हा ती कामावर असते की नसते? रेजिना काझे यांनी वाल साकारताना हा प्रश्न कुठेही वेगळा काढून दाखवलेला नाही; मायेचा हात आणि कामाचा हात एकच. सनडान्स महोत्सवात अभिनयासाठीचं विशेष ज्यूरी पारितोषिक त्यांना आणि जेसिका झालेल्या कामिला मार्दिला यांना मिळून देण्यात आलं.

जेसिका परीक्षेचा पहिला टप्पा पार करते, फाबिन्यो नापास होतो. त्या रात्री वाल घोट्याएवढ्या पाण्याच्या तलावात उतरते आणि तिथून मुलीला फोन लावते. इतकी वर्षं त्या घरात काढूनही या पाण्यात ती पहिल्यांदाच पाय घालते.

शेवट मात्र जपून पाहावा. जेसिकालाही एक लहान मुलगा आहे, गावी ठेवलेला. हे कळल्यावर वाल नोकरी सोडते. मुलीने शिकावं, नातवाला आपण सांभाळू, असं तिने ठरवलेलं असतं. मायलेकी जवळ येतात, आपल्यालाही बरं वाटतं. पण हिशेब मांडला तर वालचं काम संपलेलं नाही. आतापर्यंत परक्याचं मूल पगारावर सांभाळलं, आता घरचं बिनपगारी सांभाळायचं. कॉफीच्या संचावर आणि उंदरावर आपण हसतो, पण या चित्रपटाचा सगळ्यात बोचरा उपरोध त्याच्या गोड शेवटात आहे.