१९०५ साली जन्मलेली बाळं

बदलापूर पश्चिमेच्या एका प्रसूतिगृहात, केसपेपरच्या खिडकीमागच्या पोटमाळ्यावर एक जुना संगणक दिवसरात्र चालू होता. त्याच्या कॅबिनेटवर चिकटपट्टीने चिठ्ठी लावलेली होती: ‘बंद करू नये’. चिकटपट्टी पिवळी पडली होती, पण बॉलपेनचं अक्षर ठसठशीत होतं. ते लिहिणाऱ्या सिस्टर निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती.

संगणक इतका उंचावर का ठेवला, हे बदलापुरात विचारावं लागत नाही. २६ जुलै २००५ला उल्हास नदी गावात शिरली, तेव्हा इथल्या तळमजल्यावरचे केसपेपर कपाटासकट पाण्यात गेले. वाळवून पाहिले, पण पानं एकमेकांपासून सुटेनात आणि शाई पसरलेली. त्यानंतर डॉक्टर मॅडमनी मशीन वर चढवलं. २०१९च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पाण्यात अडकली, त्या दिवशी तळमजला पुन्हा भिजला आणि मशीन कोरडं राहिलं. त्याच्यावर मॅडमचा विश्वास बसला तो तेव्हापासून.

हे मशीन बंद करायला मला बोलावलं होतं.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात मी हेच काम करतो. इथल्या कितीतरी छोट्या दवाखान्यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी ओळखीच्या प्रोग्रॅमरकडून फॉक्सप्रोमध्ये सॉफ्टवेअर करून घेतलं. प्रोग्रॅमर पुण्याला किंवा परदेशी गेला आणि सॉफ्टवेअर मागे राहिलं. ते ज्या विंडोज एक्सपीवर चालायचं, तिला ८ एप्रिल २०१४नंतर सुरक्षेची दुरुस्ती मिळणं थांबलं. मशीन एकटं असेपर्यंत ठीक असतं. पण मेडिक्लेमचे कागद पाठवायला कुणीतरी त्यालाच इंटरनेटची वायर जोडतं आणि दार सताड उघडं पडतं. २३ नोव्हेंबर २०२२ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला आणि देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकात पुढचे कित्येक दिवस सगळं हाताने लिहावं लागलं. ज्या पोटमाळ्याकडे पाहायला माणूससुद्धा नाही, तिथे काय होईल?

बहुतेक डॉक्टर नवं सॉफ्टवेअर आनंदाने घेतात. जुन्याचं काय करायचं, हा प्रश्न शेवटी येतो, तोही जाताजाता: “जुना डेटा तेवढा नव्यात टाकून द्या ना.” मी तसं करत नाही. पंचवीस वर्षांच्या नोंदी नव्या प्रणालीच्या साच्यात कोंबल्या की जे साच्यात बसत नाही ते गळतं, आणि काय गळलं ते कुणालाच कळत नाही. म्हणून जुनं वेगळं जपायचं: वाचता येईल, शोधता येईल, पण बदलता येणार नाही असं.

पहिलं काम म्हणजे मूळ डिस्कची हुबेहूब प्रत घेणं. डिस्क काढायची आणि तिच्यावर एक अक्षरही लिहिलं जाणार नाही अशा उपकरणातून वाचायची. या धंद्यात नवा असताना मी एका दवाखान्यातून फक्त डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोच्या नोंदींच्या, फाइली उचलून आणल्या होत्या. डॉक्टरांचे लांब शेरे त्यांच्या शेजारच्या एफपीटी नावाच्या वेगळ्या फाइलीत असतात, हे मला ठाऊक नव्हतं. मला कळलं तोवर मशीन भंगारात गेलं होतं. रुग्णांची नावं राहिली, त्यांना काय झालं होतं ते गेलं. ते नुकसान मी केलं, आणि ते भरून काढता येणारं नव्हतं. तेव्हापासून संपूर्ण डिस्कची प्रत घेतल्याशिवाय मी स्क्रूसुद्धा सैल करत नाही.

बदलापूरच्या डिस्कची प्रत रात्रभरात झाली. सकाळी जन्मनोंदी उघडल्या आणि पहिल्याच पानावर १९०५ साली जन्मलेली बाळं दिसली. वजन २.६ किलो, वजन ३.१ किलो, जन्मसाल १९०५.

हे का होतं, ते मला माहीत होतं. फॉक्सप्रोच्या जुन्या आवृत्तीत वर्षाचे दोनच आकडे टाइप केले आणि प्रोग्रॅमरने वेगळं काही सांगून ठेवलेलं नसलं, तर ते विसाव्या शतकातले धरले जातात. सिस्टर ‘०५’ लिहीत, फाइलीत १९०५ जाई, आणि पडद्यावर पुन्हा ‘०५’च दिसे. म्हणून इतक्या वर्षांत कुणाला शंका आली नाही. दाखल झाल्याची तारीख मशीनच्या घड्याळातून येत असल्याने ती बरोबर होती. आई २००५मध्ये दाखल झाली असेल, तर बाळ १९०५चं असणं शक्य नाही. अशा नोंदी सरळ लागल्या. अवघड होते ते बाह्यरुग्ण. २०११मध्ये तपासायला आलेली, ‘०८’ साली जन्मलेली व्यक्ती तीन वर्षांची की एकशेतीन? तिथे वजनाचा रकाना पाहायचा, लसीची नोंद पाहायची, आणि तरीही ठरत नसेल तर अंदाज न करता ‘वर्ष अनिश्चित’ असं लिहायचं. मूळ आकडा खोडायचा नाही. दुरुस्ती शेजारी, वेगळ्या रकान्यात.

नावांची तऱ्हा निराळी. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं नाव प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांच्या रूपात साठवलेलं असतं. श्रीलिपीतलं ‘मोरे’ हे आडनाव फॉन्ट नसलेल्या मशीनवर अंडरस्कोर, एम, ओ, ए, ओ असं दिसतं. युनिकोडमध्ये आणताना एकेक खूण बदलावी लागते, आणि पहिल्या वेलांटीपाशी घोळ होतो. जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर येते. जोडाक्षर आलं की ती मधेच अडकते आणि अश्विनीची ‘अशि्वनी’ होते. अशा अश्विनीचं नाव नंतर शोधलं, तर ती सापडतच नाही.

उल्हासनगरला याहून वेगळा त्रास असतो. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांना लष्करी छावणीच्या बराकींत जागा मिळाली, आणि १९४९मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. पत्त्यात आजही कॅम्प नंबर आणि बराक नंबर लिहितात. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पत्त्याला तीसच अक्षरांची जागा असली, की बराक नंबर येतो आणि खोली नंबर कापला जातो. मग एकाच बराकीतले, एकाच आडनावाचे, एकाच नावाचे दोन जण एकमेकांत मिसळतात. एकाला पेनिसिलिनची ॲलर्जी असते, दुसऱ्याला नसते. संगणक अशा दोन नोंदी आनंदाने एक करून देतो. मी ते बटण बंद ठेवतो, आणि रजिस्टर काढून बसतो.

बदलापूरला मला सर्वांत जास्त थांबवलं ते एका तारकेने. डीबीएफ फाइलीत प्रत्येक नोंदीच्या आधी एका अक्षराची जागा असते. नोंद चालू असेल तर ती कोरी, खोडली असेल तर तिथे तारका. पडद्यावरून नोंद नाहीशी होते, पण ‘पॅक’ ही आज्ञा दिल्याशिवाय फाइलीतून जात नाही. इथे ती कधी दिलीच नव्हती. जन्माच्या फाइलीत बऱ्याच तारका होत्या. दुबार नोंदी असतील असं वाटलं, पण बहुतेकांना जोडीदार सापडेना. आईची नोंद होती, तिचं बिल होतं, बाळाच्या नोंदीपुढे तारका.

मॅडमना आठवेना. त्यांनी अंबरनाथला, त्या चिठ्ठीवाल्या सिस्टरना फोन लावला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या लोकलने त्या आल्या. मी यादी दाखवली. त्यांनी चष्मा लावून तीन-चार नावं वाचली आणि म्हणाल्या, “ही गेलेली बाळं, दादा.”

सॉफ्टवेअरमध्ये बाळासाठी ‘डिस्चार्ज’ एवढा एकच पर्याय होता. तो दिला की जन्मदाखल्याचा फॉर्म छापून यायचा. बाळ दगावलेल्या आईच्या हातात तो कागद पडू नये, म्हणून सिस्टर नोंद खोडत. कागदी रजिस्टरमध्ये मृत्यूची नोंद त्या रीतसर करत, पण २००५पर्यंतची रजिस्टरं पुरात गेली होती. त्या आयांच्या पहिल्या बाळंतपणाचा पुरावा एवढाच उरला होता.

नेहमीच्या पद्धतीने डेटा हलवला असता, तर तारका असलेलं सगळं वगळलं गेलं असतं. जगातलं जवळजवळ प्रत्येक साधन तेच करतं. आणि पुढच्या खेपेला ती बाई कुठल्याही दवाखान्यात गेली, तर आधीचं बाळ कितव्या आठवड्यात आणि किती वजनाचं गेलं, हेच डॉक्टर सर्वांत आधी विचारतात. आम्ही त्या नोंदी तारकेसकट ठेवल्या. शेजारी सिस्टरनी सांगितलेला अर्थ, तारीख घालून, त्यांच्या सहीनिशी.

शेवटची पायरी कुलपाची. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार दाखल रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवावे लागतात, आणि रुग्णाने मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती जपण्याची जबाबदारी आणखी वाढवली. त्यामुळे काय राखायचं याबरोबर काय नष्ट करायचं, हेही मॅडमसोबत बसून ठरवलं: आधारच्या झेरॉक्सचे स्कॅन गेले, सोबत आलेल्या नातेवाइकांचे फोन नंबर गेले. उरलेलं सगळं कूटबद्ध केलं. प्रत्येक फाइलीचा चौसष्ट अक्षरी ठसा काढून तो छापील कागदावर तिजोरीत ठेवला. फाइलीतला एक स्वल्पविराम हलला, तरी ठसा जुळणार नाही. तीन प्रती केल्या, त्यातली एक पुराच्या पाण्यापासून दूर, दुसऱ्या गावी. नोंद कुणी उघडली, किती वाजता, कशासाठी, हे आपोआप लिहिलं जातं. ते पुसण्याचा अधिकार मलाही नाही, मॅडमनाही नाही.

पडताळणीला रेकॉर्डच्या ताई आणि सिस्टर बसल्या. उरलेल्या कागदी केसपेपरांतून ताई कोणताही एक उपसून वाचायच्या, सिस्टर नव्या पडद्यावर तो शोधायच्या. नाव, वजन, तारीख, शेरा. तीन दिवस हेच चाललं. दोन ठिकाणी वेलांटी चुकलेली सापडली, ती लावली आणि पुन्हा पहिल्यापासून तपासलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी शिडी चढलो. सिस्टरना गुडघ्यामुळे वर येता येईना, त्या खाली शिडी धरून उभ्या राहिल्या. “चिठ्ठी काढून द्या मला,” म्हणाल्या. मी ती जपून सोडवली आणि खाली दिली. मग बटण दाबलं. पंखा हळूहळू थांबला.

आतल्या वॉर्डातून मावशींचा आवाज आला, “लाइट गेली का हो?”