तार सुटलेला उंदीर

मेहरूणच्या शिवारात पंपाची मोटार जळाली की ती वाइंडिंगवाल्याकडे जाते. तांब्याचे वेढे मोजून भरणाऱ्या त्या कारागिराला उंदराचे मज्जातंतू चेतवणारं बिनतारी यंत्र चटकन कळेल. एका कॉइलमध्ये बदलता प्रवाह सोडला की शेजारच्या कॉइलमध्ये वीज उमटते. डीपीतला ट्रान्सफॉर्मर असाच चालतो. इथे दुसरी कॉइल उंदराच्या कातडीखाली असते.

मज्जातंतूला विजेचं हलकं स्पंदन दिल्यावर स्नायू, वेदना, मूत्राशय यांचं काय होतं, हे संशोधक त्यातून पाहतात. पूर्वी त्यासाठी कातडीतून तार बाहेर काढत. उंदीर ती कुरतडणार, जखमेतून जंतू शिरणार. शिवाय बांधलेल्या, घाबरलेल्या उंदराकडून मिळणारं उत्तर बांधलेल्या उंदराचंच.

कॉइलची युक्ती चॅफी आणि लाइट या संशोधकांनी १९३४ मध्येच प्राण्यांवर वापरली होती. गाजला मात्र मेंदूसंशोधक होसे देल्गादोंचा बैल. १९६३ मध्ये स्पेनमधल्या कोर्दोबात अंगावर धावून येणारा बैल त्यांनी त्याच्या मेंदूत बसवलेल्या यंत्राला रेडिओच्या बटणाने संदेश देऊन थांबवला. बैलाचा राग शमला की नुसती चाल अडली, यावर पुढे वाद झाला. मला तरी त्यात तमाशाच जास्त दिसतो.

खरी कसोटी आकाराची. लहान उंदराचं वजन पंचवीसेक ग्रॅम. बॅटरी लादणार कुठे? २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या अ‍ॅडा पून यांच्या गटाने अवघ्या २० मिलिग्रॅमचं, प्रकाशाने चेतापेशी चेतवणारं बिनतारी यंत्र केलं. पण कॉइल जितकी लहान, तितकी वीज कमी हाती लागते. म्हणून बर्कलीच्या संशोधकांनी सोनोग्राफीसारख्या ध्वनिलहरी वापरल्या. त्यांच्या २०२० च्या यंत्राचं आकारमान १.७ घनमिलिमीटर, आणि त्याने मोठ्या उंदराच्या मांडीतला मज्जातंतू चेतवला. स्पंदनाचा हिशेब मात्र काटेकोर लागतो: धन प्रभार दिला तेवढाच ऋण परत द्यायचा. प्रभार साचला तर इलेक्ट्रोड, म्हणजे मज्जातंतूला टेकलेलं धातूचं टोक, गंजतो आणि भोवतालच्या पेशीही मरतात.

माणसांत कॉइलचं हेच तत्त्व बहिऱ्यांच्या कानात बसवायच्या कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये आहे. कानाचे सर्जन ग्रेम क्लार्क यांनी आधी मांजरांवर प्रयोग केले आणि १९७८ मध्ये मेलबर्नला आपल्या पहिल्या रुग्णावर शस्त्रक्रिया केली. मुंबईत डॉ. मिलिंद कीर्तने यांनी ही शस्त्रक्रिया रुजवली. कानामागे लोहचुंबकाने चिकटलेली बाहेरची कॉइल कातडीआडच्या कॉइलला वीज आणि आवाजाचा संदेश, दोन्ही पोचवते.

उंदीर जगतो दोन-तीन वर्षं. त्याचं यंत्र काही महिने टिकलं तरी प्रयोग पार पडतो. मुलाच्या कानातलं यंत्र शरीराच्या खाऱ्या ओलाव्यात कित्येक दशकं टिकावं लागतं. बाहेरचा भाग बदलता येतो. आतल्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.