अस्थिभंग भरून येण्यातील प्रतिकारसंस्थेचे कार्य

मोडलेले हाड पुन्हा सांधले जाण्याच्या प्रक्रियेत शरीराची प्रतिकारसंस्था पहिल्या काही तासांपासून सहभागी असते. त्वचेची खोल जखम भरली की मागे व्रण उरतो. हाड मात्र अनुकूल परिस्थितीत व्रण न ठेवता मूळच्याच ऊतीने भरून येते. हाडे व प्रतिकारसंस्था यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करणाऱ्या शाखेस ऑस्टिओइम्युनॉलॉजी म्हणतात. हे नाव इ.स. २००० च्या सुमारास रूढ झाले.

दाहाची अवस्था

हाड मोडताच त्यातील व त्याच्या आवरणातील रक्तवाहिन्या तुटतात आणि त्या जागी रक्त साकळते. ही रक्तगाठ म्हणजे निव्वळ साचलेले रक्त नव्हे. प्राण्यांवरील प्रयोगांत ती काढून टाकली असता हाड जुळण्यास विलंब झाल्याचे आढळले आहे. तिच्यात प्रथम न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी शिरतात आणि त्यांच्यामागोमाग मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षी पेशी येतात. मृत पेशी व ऊतींचे अवशेष त्या गिळून टाकतात. त्याचबरोबर इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ-अल्फा ही संदेशवाहक प्रथिने स्रवतात व त्यांच्यामुळे दुरुस्तीस लागणाऱ्या मूळपेशी तेथे जमू लागतात. टीएनएफचे ग्राहक नसलेल्या उंदरांची हाडे उशिरा भरतात. सूज म्हणजे केवळ उपद्रव, हा सर्वसाधारण समज येथे अपुरा ठरतो.

दाहाचे शमन व पुनर्रचना

हाच दाह लांबला, तर मात्र घातक ठरतो. मधुमेहात टीएनएफचे प्रमाण दीर्घकाळ वाढलेले राहते, कूर्चा वेळेआधीच नष्ट होते आणि हाड जुळणे रेंगाळते. निरोगी व्यक्तीत काही दिवसांत मॅक्रोफेजांचे स्वरूप पालटते व त्या दाहशामक आणि रक्तवाहिन्यांच्या वाढीस पोषक द्रव्ये स्रवू लागतात. दोन-तीन आठवड्यांत कूर्चेचा मऊ सांधा, म्हणजे कॅलस, तयार होतो व पुढे त्याचे हाडात रूपांतर होते. या ओबडधोबड हाडास मूळचा आकार येण्यास अनेक महिने, क्वचित वर्षेही लागतात. जादा हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी मॅक्रोफेजांच्याच वंशातील असतात, ही बाब लक्षणीय आहे.

टी-पेशींची भूमिका अधिक गुंतागुंतीची आहे. टी व बी या दोन्ही पेशी नसलेल्या उंदरांत अस्थिभंग लवकर भरल्याचे दिसले. माणसांतही सीडी-८ प्रकारच्या काही अनुभवी टी-पेशींचे आधिक्य विलंबाशी निगडित आढळले आहे.

वेदनाशामक औषधे

आयब्युप्रोफेनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखून दाह कमी करतात. प्राण्यांत त्यांमुळे हाड जुळणे लांबते. माणसांवरील अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. त्यामुळे अस्थिभंगानंतर अशी औषधे किती दिवस द्यावीत, याबाबत अस्थिरोगतज्ज्ञांत एकमत नाही.