रस्त्यावरही ‘एक व्यक्ती, एक मूल्य’ हवे!

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, आपण राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत प्रवेश करीत आहोत. ही विसंगती पाहायला फार दूर जावे लागत नाही. सकाळी कोणत्याही मोठ्या चौकात उभे राहा. मोटारीत एकटा साहेब आणि तिच्यामागे अडकलेल्या बसमध्ये दाटीवाटीने उभी पन्नास माणसे! त्यात झाडूवाली, धुणीभांडी करणारी बाई, बांधकाम मजूर आणि कॉलेजला निघालेली वस्तीतली पोर. रस्ता मात्र मोटारीचा!

केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, माणसांना द्यावी असे मान्य केले. त्याच वर्षी पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर हा बससाठी राखीव मार्ग सुरू झाला. नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेत अशा शहरांसाठी केंद्राचे ५०, राज्याचे २० आणि महापालिकेचे ३० टक्के असा वाटा होता. म्हणजे पैसा जनतेचाच. पुढे काय झाले? राखीव मार्गात खासगी वाहने घुसली. २०१६ साली सुरू झालेला नगर रस्त्यावरील मार्ग तर वाहतूक कोंडीचे कारण सांगून टप्प्याटप्प्याने उखडण्यात आला.

दिल्लीतही तेच. तिथला मार्ग आंबेडकर नगरहून मूलचंदला जात होता. त्याविरुद्धची याचिका उच्च न्यायालयाने २०१२ साली फेटाळली. तरीही २०१६ साली तो तोडला गेलाच. मोटारवाल्यांचा आवाज दरबारी पोहोचतो, बसवाल्यांचा नाही!

या मार्गांत दोष नव्हते असे आम्ही म्हणत नाही. बसगाड्या अपुऱ्या होत्या, रस्ता ओलांडण्याची धड सोय नव्हती. पण दोष दुरुस्त करायचे की गरिबाची वाटच बंद करायची?

२०२३ साली केंद्राने १० हजार विजेच्या बसगाड्यांसाठी ५७,६१३ कोटींची पीएम ई-बस सेवा योजना मंजूर केली. गाड्या येतील, पण त्या कोंडीतच रखडणार असतील तर कामगाराचा खाडा चुकणार आहे काय?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. बससाठी निधी देताना राखीव मार्गाची अट घाला. तो राखण्यासाठी दरवर्षी वेगळी तरतूद करा. जनतेच्या पैशाने बांधलेला मार्ग प्रवाशांची जाहीर सुनावणी घेतल्याशिवाय तोडू नका.

महाडला १९२७ साली आपण पाण्याची भीक मागितली नव्हती. सार्वजनिक तळ्यावरचा माणसाचा हक्क बजावला होता. रस्ताही सार्वजनिकच आहे. महापालिकेच्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्यांना बांधवांनी एवढेच विचारावे : आमच्या बसची वाट कुठे आहे?