निर्वासिताचा पुरावा

चिकोडी-निपाणी भागातून कोल्हापूर फार दूर नाही. त्या कोल्हापुराजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक. १९४० व १९४१ साली सोव्हिएत सत्तेने या कुटुंबांना पूर्व पोलंडमधून सैबेरिया, कझाकस्तान अशा दूरच्या प्रदेशांत हद्दपार केले होते. तेथून इराणमार्गे ती हिंदुस्थानात आली. युद्ध संपले, पण त्यांची गावे तोवर सोव्हिएत संघराज्यात गेली होती. काही मायदेशी परतली. ज्यांचे आप्त ब्रिटिशांच्या हाताखालील पोलिश सैन्यात होते, त्यांतील अनेकांना ब्रिटनमध्ये आसरा मिळाला. अशा प्रसंगी नुसते नाते सांगून भागत नाही, ते दाखवावे लागते. आणि रातोरात घराबाहेर काढलेल्या माणसाच्या गाठोड्यात कागद कितीसे असणार?

हाच प्रश्न आजच्या निर्वासितापुढेही उभा असतो. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी साधार भीती ज्यास आहे आणि जो त्यामुळे स्वदेशाबाहेर आहे, तो निर्वासित होय. भारताने या करारावर सही केलेली नाही. तिबेटी व श्रीलंकेतील निर्वासितांची व्यवस्था सरकार स्वतः पाहते. अफगाणिस्तान, म्यानमार वगैरे देशांतून आलेल्यांचे अर्ज संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांच्या नवी दिल्लीतील कार्यालयात तपासले जातात.

येथे स्वयंसेवकाचे काम सुरू होते. प्रथम त्याने शांतपणे ऐकावे आणि घटना क्रमवार, तारीखवार मांडून घ्याव्यात. मग जे हाती लागेल ते जमवावे: ओळखपत्र, शाळेचा दाखला, पक्षाचे किंवा संघटनेचे सभासदपत्र, पोलिसांची नोटीस, धमकीचे पत्र, वृत्तपत्रातील कात्रण. अंगावर छळाच्या खुणा असल्यास जाणत्या डॉक्टरांचा अहवाल घ्यावा. अशा तपासणीची पद्धत १९९९ च्या इस्तंबूल संहितेत सांगितली आहे. त्या देशातील परिस्थितीविषयीचे विश्वसनीय अहवालही जोडावेत. मूळ कागद अर्जदाराजवळच राहावेत. प्रती व अचूक भाषांतरे तेवढी द्यावीत.

नावांतील फरक हा नेहमीचा अडथळा. सीमाभागातील वाचकांस तो समजावून सांगणे नको. एकाच घराचे जुने-नवे कागद कधी मराठीत तर कधी कन्नडमध्ये असतात, आणि एकच आडनाव दोन तऱ्हांनी लिहिलेले सापडते. परक्या लिपीतून आलेल्या नावाचे तसेच होते. फरक लपवू नये. त्याचे कारण लिहून द्यावे.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावी लागतात. कागद मिळविण्यासाठी अर्जदाराच्या देशाच्या वकिलातीकडे किंवा तेथील पोलिसांकडे चौकशी करू नये. त्यामुळे मागे राहिलेले आईबाप, भाऊबहीण संकटात येतात. दुसरे, हकीकतीत आपल्या पदरची भर घालू नये. भेदरलेल्या माणसाला तारखा आठवत नाहीत, हे तपासणारे अधिकारी जाणतात; पण पढवून घेतलेली एक खोटी गोष्ट उघडकीस आली, तर खऱ्या दहा गोष्टींवरचा विश्वासही उडतो.

कागद नाही म्हणजे हक्क नाही, असे मात्र नव्हे. उच्चायुक्तांच्या कार्यालयाने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत सत्यशोधनाची जबाबदारी अर्जदार व तपासनीस या दोघांवरही टाकली आहे. अर्जदाराने मनापासून प्रयत्न केला, त्याची हकीकत सुसंगत व विश्वसनीय ठरली, तर उरलेल्या संशयाचा फायदा त्याला द्यावा, असे ती सांगते. तो प्रयत्न नीट व्हावा, एवढेच स्वयंसेवकाचे काम. परंतु जेथून जीव घेऊन पळाला तेथेच परत धाडले जाण्याची भीती ज्याच्या डोक्यावर आहे, त्याच्या दृष्टीने हे काम लहान नाही.